जुन्या मोटारीचा यांत्रिक इंधनपंप: दोष नेमका कुठे आहे हे कसे ओळखावे

कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी जुनी मोटार चढावर मलूल होऊन बंद पडली, किंवा पंधरा दिवस उभी राहिल्यावर कितीही वेळ स्टार्टर फिरवला तरी सुरू होईना, की बहुतेकांचा संशय सर्वप्रथम इंधनपंपावर जातो. हा पंप इंजिनाच्या बाजूला, सहसा हात पोहोचेल अशा ठिकाणी, दोन बोल्टांवर बसवलेला असतो. त्यामुळे तो उतरवून नवा बसवणे हे थोड्या वेळाचे काम वाटते आणि कोणतीही तपासणी न करता तो बदलला जातो. पुष्कळदा त्यानंतरही गाडी पूर्वीसारखीच बंद पडते, कारण मूळ दोष टाकीच्या झाकणात, गाडीखालून येणाऱ्या एखाद्या जीर्ण नळीत किंवा इग्निशनमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेत, असतो. शिवाय जुन्या गाडीचा मूळ पंप बहुधा उघडून दुरुस्त करता येण्याजोगा असतो, आणि असा पंप विनाकारण टाकून देणे हे नुकसानच आहे. म्हणून पंप इंजिनावर असतानाच दोष त्याच्या अलीकडे आहे, पलीकडे आहे, की त्याच्या आतच आहे, हे ठरवण्याची पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे; आणि त्यासाठी पंपाच्या कामातील एक गोष्ट मनात पक्की असावी लागते.

ओढतो कॅम, ढकलते स्प्रिंग

सुरुवातीच्या अनेक मोटारींना इंधनपंप नव्हताच. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्बोरेटरकडे येत असे. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या आसनाखाली असल्यामुळे, पेट्रोल कमी असताना तीव्र चढ लागला की कार्बोरेटर टाकीपेक्षा वरच्या पातळीवर जाई आणि इंजिन बंद पडे; अशा वेळी चालक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. पुढे टाकी गाडीच्या मागच्या टोकाला, कार्बोरेटरच्या खालच्या पातळीवर गेली. पेट्रोल तेथून वर आणण्यासाठी आधी निर्वातावर चालणाऱ्या छोट्या टाक्या वापरल्या गेल्या आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून डायफ्रॅमचा यांत्रिक पंप रूढ होत गेला. इंधन इंजेक्शनने कार्बोरेटरची जागा घेईपर्यंत, म्हणजे साधारण १९८० च्या दशकापर्यंत, त्याचे मूळ तत्त्व बदलले नाही.

पंपाच्या मधोमध कापड आणि रबर यांच्या थरांचा एक लवचीक पडदा असतो, हाच डायफ्रॅम. त्याच्या वरच्या बाजूला पेट्रोलचा छोटा कप्पा असतो आणि त्या कप्प्याला दोन एकमार्गी व्हॉल्व्ह असतात: एक पेट्रोल आत घेणारा, दुसरा बाहेर सोडणारा. डायफ्रॅमच्या खाली एक दांडी असते आणि ती पंपाच्या आर्मला जोडलेली असते. आर्मचे दुसरे टोक इंजिनाच्या आत कॅमशाफ्टवरील (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावरील) एका चकतीवर, म्हणजे कॅमवर, टेकलेले असते. ही चकती मुद्दाम केंद्रापासून बाजूला सरकवून बसवलेली असल्यामुळे कॅमशाफ्ट फिरताना आर्म खालीवर होतो. काही इंजिनांत आर्म आणि कॅम यांच्यामध्ये एक वेगळी दांडी, म्हणजे पुशरॉड, असतो. फोक्सवॅगन बीटल आणि शेव्हरोलेचे छोटे व्ही-८ इंजिन ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

आता मुख्य मुद्दा. आर्म डायफ्रॅमला फक्त खाली ओढतो. त्या वेळी कप्प्यातील दाब कमी होतो, आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि टाकीतील पेट्रोलवर असलेला हवेचा दाब पेट्रोलला नळीतून पंपात ढकलतो. डायफ्रॅमला पुन्हा वर ढकलण्याचे काम मात्र आर्म करत नाही. ते काम डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते. कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर, म्हणजे त्यातील पेट्रोलचा छोटा साठा, भरला आणि त्याची वाट बंद करणारा नीडल व्हॉल्व्ह मिटला, की पंपातील पेट्रोलला बाहेर जायला वाट राहत नाही. मग डायफ्रॅम दाबलेल्या स्प्रिंगसह खालीच थांबतो आणि आर्म मोकळाच हलत राहतो. फ्लोट चेंबरला जेवढे हवे तेवढेच पेट्रोल द्यायचे, ही पंपाची शिस्त कोणत्याही वेगळ्या नियंत्रकाविना या रचनेतूनच साधते.

यातून निदानासाठी अत्यंत उपयोगी असे दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की पंपाचा दाब इंजिनाचा वेग ठरवत नाही, स्प्रिंग ठरवते. म्हणून मंद गतीवर दाब योग्य असेल तर वेग वाढल्यावर तो फारसा बदलू नये. दुसरा असा, की पंपाच्या मागे, टाकीपर्यंतच्या संपूर्ण मार्गात, पेट्रोल ढकलले जात नसून ओढले जात असते. ढकलणाऱ्या बाजूला गळती झाली तर पेट्रोल बाहेर ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. ओढणाऱ्या बाजूला भेग पडली तर इंजिन चालू असताना बाहेर काहीच दिसत नाही, उलट हवा आत जाते. भोक पडलेल्या स्ट्रॉने सरबत ओढावे आणि तोंडात नुसती हवाच यावी, तशी पंपाची अवस्था होते. निर्दोष पंप बदलले जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, असे माझे मत आहे: दोष दिसत नाही तेथे असतो आणि संशय दिसतो त्या भागावर घेतला जातो.

सर्वांत आधी डिपस्टिक

गाडी सुरू करण्याचा आणखी एकही प्रयत्न करण्यापूर्वी इंजिन ऑइलची डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजण्याची पट्टी, काढून पाहावी. हा सल्ला मी सगळ्यांत वर ठेवतो, कारण पंपाच्या बहुतेक दोषांनी गाडी फक्त बंद पडते, पण एका दोषाने इंजिन कायमचे निकामी होऊ शकते. डायफ्रॅम फाटला, तर पेट्रोल त्यातून खाली उतरते आणि पंपाच्या रचनेनुसार थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल साठणाऱ्या खालच्या भागात, जाऊ शकते. तेथे ते ऑइल पातळ करते. पातळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही, त्यामुळे धातूवर धातू घासला जातो. शिवाय क्रँककेसमध्ये साठलेली पेट्रोलची वाफ पेटण्याचा धोका असतो तो वेगळाच. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, त्याला पेट्रोलचा स्पष्ट वास आला आणि ते बोटांमध्ये पाण्यासारखे लागले, तर इंजिन फिरवू नये. आधी पंप दुरुस्त करावा, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलावा, आणि मगच इंजिन सुरू करावे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल आणि पेट्रोल सतत ओसंडत असेल, तर तेही सिलिंडरच्या भिंतींवरून उतरून ऑइलमध्ये मिसळते. त्यामुळे ऑइलला पेट्रोलचा वास येणे हा डायफ्रॅम फाटल्याचा एकमेव पुरावा मानता येत नाही. अनेक पंपांच्या खालच्या भागाला, डायफ्रॅम आणि ऑइल सील यांच्या मधल्या जागेत, एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्या छिद्रातून पेट्रोल झिरपत असेल तर डायफ्रॅम गेला आहे. तेथून इंजिन ऑइल येत असेल तर दांडीभोवतीचे सील झिजले आहे. ते बदलावे लागेल, पण पेट्रोलच्या पुरवठ्याशी त्याचा लगेच संबंध नसतो. हे छिद्र वर्षानुवर्षांच्या चिकट मळीने बुजलेले असते, म्हणून आधी तो भाग स्वच्छ पुसून, तार फिरवून, मग निरीक्षण करावे.

पुढच्या सगळ्या चाचण्या पेट्रोल उघडे करून करायच्या आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत आणि गाडीखालच्या खड्ड्यात साठते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. काम उघड्या, हवेशीर जागी आणि इंजिन थंड असताना करावे. नळ्या सोडण्यापूर्वी बॅटरीची तार काढावी आणि स्टार्टर फिरवायची वेळ येईल तेव्हाच ती पुन्हा जोडावी. पेट्रोलच्या आगीला चालणारा अग्निशामक हाताशी असावा, आणि उघड्या काचेचा दिवा प्रकाशासाठी वापरू नये, कारण तो पडून फुटला की तीच ठिणगी होते.

पेट्रोल पोहोचते आहे की नाही

इंजिन बंद पडल्यावर लगेच, ते तसेच उभे असताना, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहावे आणि हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) झटकन उघडावा. कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप (थ्रॉटल उघडताच जादा पेट्रोल सोडणारा छोटा पंप) असेल आणि फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल असेल, तर पेट्रोलची बारीक पण ठसठशीत धार उडताना दिसते. धार दिसत असेल तर इंधनपंपाला दोष देण्याचे कारण उरत नाही आणि लक्ष इग्निशनकडे वळवावे. गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर इंजिनाला अगदी पेट्रोल संपल्यासारखेच बंद पाडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू देतो. ॲक्सिलरेटर पंप नसलेल्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबरचे झाकण उघडून पातळी पाहावी लागते. दोन मिनिटांची ही तपासणी टाळल्यामुळे दिवसाचे दिवस चुकीच्या दिशेने जातात.

फ्लोट चेंबर कोरडा असेल तर दोष इंधनाच्या मार्गात आहे हे नक्की झाले. तो कसा कोरडा पडला, यावरूनही बरेच कळते. साधारण ६० अश्वशक्तीचे जुने इंजिन पूर्ण ताकद लावताना तासाला १८ ते २० लिटर, म्हणजे मिनिटाला ३०० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल घेते. मंद गतीवर तेच इंजिन तासाला एखाददुसऱ्या लिटरवर चालते. म्हणजे अर्धमेला पंप सपाट रस्त्यावरच्या संथ फेरीत पूर्णपणे निरोगी वाटू शकतो. फ्लोट चेंबरमध्ये समजा ६० मिलिलिटर पेट्रोल आहे आणि चढावर पंप गरजेच्या निम्मेच पेट्रोल देतो आहे, तर तो साठा सुमारे २४ सेकंदांत संपेल. त्यामुळे चढाच्या सुरुवातीला गाडी जोमात जाते, थोड्या वेळाने गचके खाऊ लागते, पाय सैल केला की सावरते आणि पुन्हा जोर दिला की पुन्हा गळते. हा क्रम दिसला तर पुरवठा अपुरा आहे असे खात्रीने म्हणता येते. याउलट गाडी कोणतीही पूर्वसूचना न देता, वीज गेल्यासारखी एकदम बंद पडत असेल, तर इग्निशनचा संशय अधिक बळकट होतो.

यानंतर टाकीचे झाकण. पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा टाकीत येणे आवश्यक असते. झाकणातील वा वेगळ्या नळीतील हवेची वाट बुजली की टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाची ओढ त्याच्याशी झगडण्यातच खर्ची पडते. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर गाडी व्यवस्थित चालू लागली, तर दोष सापडला. हवेची वाट नसलेले चुकीचे झाकण नंतर कुणी तरी बसवले असण्याची शक्यताही लक्षात ठेवावी.

पंपाकडून तीन उत्तरे

पंपाची खरी परीक्षा तीन प्रश्नांत होते: तो किती पेट्रोल देतो, किती दाबाने देतो, आणि किती ओढतो. तिन्हींची उत्तरे एकत्र पाहिली तरच ती उपयोगी पडतात. नेमके आकडे त्या त्या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत असतात आणि तेच अंतिम मानावेत. येथे दिलेले आकडे केवळ अंदाज यावा म्हणून आहेत.

पहिल्या चाचणीसाठी कार्बोरेटरकडची नळी सोडून तिला पेट्रोलसाठी योग्य अशी रबरी नळी जोडावी आणि तिचे टोक इंजिनापासून दूर, घट्ट धरलेल्या, न फुटणाऱ्या बाटलीत सोडावे. कॉइलची बारीक तार काढून ठेवावी, म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि सहकाऱ्याला स्टार्टर फिरवायला सांगावे. चांगला पंप प्रत्येक फेरीला ठोस, भरीव उसळी देतो. इंजिन मंद गतीवर असताना अर्ध्या ते पाऊण मिनिटात सुमारे अर्धा लिटर, असा निकष मोठ्या इंजिनांसाठी सर्रास दिलेला आढळतो. लहान इंजिनांना त्याहून कमी चालते, आणि नुसत्या स्टार्टरवर इंजिन सावकाश फिरत असल्यामुळे प्रमाण घटते हेही गृहीत धरावे. प्रमाणाइतकेच लक्ष बुडबुड्यांकडे द्यावे. नळीचे टोक बाटलीतील पेट्रोलमध्ये बुडवून ठेवले आणि सुरुवातीची हवा निघून गेल्यानंतरही बुडबुडे येतच राहिले, तर ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे.

दाबाची चाचणी पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये टी-जोड लावून, लहान मापाच्या दाबमापकाने करतात. बहुतेक जुन्या गाड्यांत हा दाब २ ते ६ पीएसआय, म्हणजे साधारण ०.१४ ते ०.४१ बार एवढाच असतो, म्हणून टायरचा दाबमापक येथे कामाचा नाही. दाब कमी असेल तर स्प्रिंग थकली आहे, व्हॉल्व्ह गळत आहेत किंवा डायफ्रॅम ताठर होऊन त्याची हालचाल खुंटली आहे. दाब जास्त असणे हाही दोषच आहे: बदली पंपात किंवा दुरुस्ती संचात अधिक जोराची स्प्रिंग आली असेल, तर ती नीडल व्हॉल्व्हला मागे रेटते आणि कार्बोरेटर ओसंडू लागतो. मग लोक कार्बोरेटर उघडून बसतात. इंजिन बंद केल्यावर काटा काही मिनिटे तरी टिकून राहायला हवा. तो लगेच शून्यावर आला, तर पंपाचा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह किंवा कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह, यांपैकी एक गळतो आहे. कार्बोरेटरकडची बाजू बंद करून चाचणी पुन्हा केली की दोघांपैकी कोण, ते कळते.

तिसरी चाचणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. टाकीकडून येणारी नळी पंपापासून सोडून, ती गळू नये म्हणून बंद करावी आणि पंपाच्या आत घेणाऱ्या तोंडाला निर्वातमापक लावावा. फ्लोट चेंबरमधल्या उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालू शकते. तेवढा वेळ पुरतो. धडधाकट पंप सामान्यतः पाऱ्याच्या ७ ते १० इंचांइतका निर्वात निर्माण करतो. याचा अर्थ काय होतो ते पाहावे. १० इंचांची ओढ पेट्रोलला साडेचार मीटर उंच चढवण्याइतकी असते आणि टाकीपासून पंपापर्यंतची चढण बहुतेक गाड्यांत अर्ध्या-पाऊण मीटरच्या पुढे नसते. एवढी ओढ मिळत असूनही पेट्रोल येत नसेल तर पंप निर्दोष आहे आणि अडथळा किंवा हवेची गळती त्याच्या मागे आहे. त्यानंतर तोच मापक टाकीच्या दिशेने टप्प्याटप्प्याने सरकवत जावे: पंपाजवळच्या लवचीक नळीच्या मागे, मग लोखंडी पाइपच्या मागच्या टोकाला. ज्या टप्प्यावर निर्वात घसरतो, त्या तुकड्यात भेग आहे.

मापक नसेल तर यापेक्षा सोपा मार्गही आहे. पंपाच्या आत घेणाऱ्या तोंडाला एक लहानशी चांगली नळी जोडून तिचे टोक स्वच्छ पेट्रोलच्या छोट्या डब्यात सोडावे. डबा एक्झॉस्टपासून आणि फिरत्या भागांपासून दूर, कलंडणार नाही असा ठेवावा. आता पंप जोमाने पेट्रोल देऊ लागला, तर टाकीपासून पंपापर्यंतची सगळी वाट संशयित ठरते. तरीही देत नसेल, तर पंप किंवा त्याला हलवणारा भाग दोषी आहे. या एका चाचणीने अर्धा शोध संपतो.

संशयित वाटेत पाहण्यासारखे बरेच काही असते. वरून धड दिसणारी रबरी नळी आतून सुजून बंद झालेली असते, किंवा ओढ लागताच चपटी होते. गाडीच्या सांगाड्याला घासून लोखंडी पाइपला पडलेले टाचणीएवढे भोक पेट्रोल गळू देत नाही, पण हवा घेते. टाकीतील गंज तळाच्या जाळीवर जमतो, इंजिन बंद केल्यावर खाली सुटतो आणि पुन्हा ओढ सुरू झाली की परत चिकटतो. दहा मिनिटे थांबल्यावर गाडी आपोआप बरी होण्याचे हे एक कारण आहे. पंपावर काचेची वाटी असेल तर तिच्या कडेखालचे गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ थर, ताठर झालेले असणे फार सामान्य आहे. वाटीत पेट्रोल आहे, म्हणून पंप भरलेला आहे, असा समज करून घेऊ नये. चालू इंजिनावर वाटीत सतत उकळल्यासारखे बुडबुडे दिसले, तर तेथून किंवा त्याच्या मागून हवा येते आहे.

हाताचा लीव्हर आणि कॅमची जागा

अनेक पंपांना हाताने हलवण्याचा छोटा लीव्हर असतो. दीर्घकाळ उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उडून गेलेले असते. अशा वेळी या लीव्हरने पेट्रोल वर आणले तर बॅटरी वाचते. पुष्कळदा मात्र लीव्हर अगदी ढिला, निर्जीव लागतो आणि पंप मोडला असे वाटते. इंजिन नेमके अशा स्थितीत थांबलेले असते, की कॅमने आर्म आधीच पूर्ण दाबून ठेवलेला असतो, त्यामुळे लीव्हरला ओढायला काही उरलेलेच नसते. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते, म्हणून इंजिन हाताने बरोबर एक फेरी फिरवले की कॅमची चकती विरुद्ध बाजूला जाते आणि लीव्हरला जोर येतो. फ्लोट चेंबर भरलेला असतानाही लीव्हर असाच ढिला लागतो, आणि ते योग्यच आहे.

इंजिन फिरवूनही लीव्हर निर्जीव राहिला तर डायफ्रॅमची दांडी तुटली असेल. लीव्हरने पेट्रोल छान येते पण इंजिन चालू असताना येत नाही, असे असेल तर आर्म, त्याची पिन किंवा पुशरॉड झिजलेला आहे. शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनाचा पुशरॉड नवा असताना ५.७५ इंच लांब असतो. तो झिजून आखूड झाला की तेवढाच पंपाचा फेरा, म्हणजे आर्मची खालीवर होणारी हालचाल, कमी होतो, आणि नवा पंप बसवूनही दुखणे कायम राहते.

उष्णतेने बंद पडणारी गाडी

गरम दिवशी, वाहतुकीत अडकल्यावर किंवा इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना गाडी अडत असेल, तर पेट्रोलची नळीतच वाफ होत असण्याचा संभव मोठा आहे. पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, आणि पंपाच्या मागील नळीत दाब कमी असल्यामुळे ते त्याहूनही लवकर उकळतात. वाफ दाबली जाते, पण पुढे जात नाही. पंप तीच वाफ पुन्हा पुन्हा दाबत आणि ताणत बसतो. पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवल्यावर काही मिनिटांत गाडी सुरू झाली, तर निदान जवळजवळ निश्चित होते. इथेनॉल थोड्या प्रमाणात मिसळले की पेट्रोलची वाफ होण्याची प्रवृत्ती वाढते, त्यामुळे पूर्वी कधी न अडलेल्या गाड्या आता अडू लागतात. नळ्या एक्झॉस्टपासून दूर नेणे, उष्णतारोधक पत्रा पुन्हा जागेवर बसवणे आणि पंप व इंजिन यांच्यामधील उष्णतारोधक जाड तुकडा शाबूत आहे का ते पाहणे, हे उपाय आधी करावेत. थकलेला पंप ही वाफ ढकलण्यात आणखी मागे पडतो, म्हणून वरच्या तीन चाचण्या येथेही टाळू नयेत.

पंप उघडताना आणि बसवताना

दोष पंपातच आहे हे सिद्ध झाले, तर स्क्रूंनी जोडलेला पंप दुरुस्त करता येतो. कडा दुमडून कायमचा बंद केलेला पंप बदलावाच लागतो. उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवरून कानसेने एक आडवी खूण करावी, नाहीतर नळ्यांची तोंडे भलत्या दिशेला येतात. व्हॉल्व्ह बहुधा एकसारखेच असतात पण उलटसुलट बसवलेले असतात, तेव्हा काढण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. नवा डायफ्रॅम इथेनॉल सहन करणाऱ्या सामग्रीचा आहे, याची खात्री विकत घेतानाच करावी. जुन्या साठ्यातला, वेष्टनात वर्षानुवर्षे पडून असलेला रबरी भाग नवा असला तरी भरवशाचा नसतो. जोडताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे डायफ्रॅम सपाट ताणलेला असताना स्क्रू आवळणे. तसे केले तर पहिल्याच पूर्ण फेऱ्यात त्याच्या कडेवर ताण येतो आणि तो लवकर फाटतो. स्क्रू आधी सैल लावावेत, आर्म पूर्ण फेऱ्यापर्यंत दाबून धरावा आणि त्याच स्थितीत समोरासमोरचे स्क्रू क्रमाने घट्ट करावेत. पेट्रोल लागणाऱ्या सांध्यांवर सीलंट फासू नये. त्याचे कण सुटून नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

इंजिनावर बसवण्यापूर्वी हातातच चाचणी करावी. आत घेणाऱ्या तोंडावर बोट दाबून आर्म काही वेळा चालवला, की बोटाला स्पष्ट ओढ लागली पाहिजे आणि काही सेकंदांनी बोट काढल्यावर हवा शिरल्याचा आवाज आला पाहिजे.

पंप आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटची व उष्णतारोधक तुकड्याची एकूण जाडी मूळ मापाचीच ठेवावी. जाडी वाढली तर आर्मचा फेरा कमी होतो आणि पेट्रोल अपुरे पडते. जाडी कमी झाली तर आर्मवर गरजेपेक्षा जास्त दाब येऊन तो वाकतो किंवा मोडतो. बीटलमध्ये तर गॅस्केटची संख्या बदलूनच पुशरॉडचा फेरा जुळवतात. कॅमची चकती आर्मपासून दूर असेल अशा स्थितीत इंजिन आणून मगच पंप सरकवावा. पुशरॉड घसरत असेल तर जाड ग्रीसने तो जागेवर धरून ठेवता येतो. पंप हाताने जवळजवळ पूर्ण टेकला पाहिजे. तो बोल्टांच्या जोराने ओढून घ्यावा लागत असेल, तर आर्म कॅमच्या चुकीच्या बाजूला गेला आहे असे समजून तो पुन्हा काढावा.

या सगळ्या खटाटोपाऐवजी विद्युत पंप लावावा, असा सल्ला अनेकदा दिला जातो. मी तो पहिला उपाय मानत नाही. ओढणाऱ्या बाजूची गळती तशीच ठेवून टाकीजवळ विद्युत पंप बसवला, की ज्या भेगेतून आतापर्यंत हवा आत येत होती, तिच्यातूनच दाबाखालचे पेट्रोल बाहेर पडू लागते, आणि तेही गाडीखाली, एक्झॉस्टच्या जवळ. शिवाय इंजिन बंद पडले की यांत्रिक पंप आपोआप थांबतो. विद्युत पंपाला अपघातानंतर थांबवणारा स्वतंत्र स्विच लागतो, आणि कार्बोरेटरला झेपेल इतकाच दाब ठेवणारा नियंत्रकही बहुधा लागतो. तो बसवायचाच असेल तर सगळ्या नळ्या नव्या करून आणि या दोन्ही गोष्टींसह बसवावा.

पंप बसवल्यावर इंजिन सुरू करून प्रत्येक सांधा कोरड्या बोटाने तपासावा, आणि इंजिन गरम होऊन पुन्हा थंड झाल्यावर पंपाचे बोल्ट परत एकदा आवळावेत, कारण नवे गॅस्केट दबून ते किंचित सैल होतात. पहिल्या लांब फेरीत एखादा दमदार चढ मुद्दाम घ्यावा, आणि परत आल्यावर ऑइलची पातळी निघतानाच्या खुणेशी ताडून पाहावी. ती वाढलेली असेल, तर पंप पुन्हा उतरवावा.